रक्तात काय निघालं? पोट उडणाऱ्या बाळाचे रिपोर्ट वाचताना: माझा अनुभव

"बाळाचं पोट उडतंय, दूध ओढत नाही," असं सांगत पावसाळ्यात आई-आजी वॉर्डात येतात आणि दोन तासांत विचारतात, "रक्तात काही निघालं का?" आरएसव्ही या विषाणूने होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांच्या सुजेत, मी या प्रश्नाला जपून उत्तर देते. बाळ किती आजारी आहे हे एकट्याने सांगेल असा आकडा रक्तात नसतो.

म्हणून आधी झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० म्हणजे जलद. बरगड्यांखाली खड्डा पडतो का, दूध नेहमीच्या निम्म्यावर आलंय का, रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली जातो का, हेही बघते. हे सगळं ठीक असेल तर सुई लावत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१४ च्या आणि ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही साध्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये सरसकट रक्त तपासू नका असंच सांगतात.

तपासायचं ते तीन प्रश्नांसाठी. जिवाणूंची भर पडली आहे का, बाळ दमत चाललंय का आणि सोडियम उतरलंय का.

रक्त कसं काढलं यावर निम्मा रिपोर्ट ठरतो. पाच किलोच्या बाळात एकूण रक्तच साधारण ४०० मिली, त्यामुळे दिवसभरात सगळं मिळून १० मिलीच्या पुढे जात नाही. सलाईनसाठी हाताच्या पाठीवर २४ नंबरची पिवळी कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावतानाच, सलाईन जोडायच्या आधी, रक्त थेंब-थेंब नळीत पडू देते. सिरिंजने जोरात ओढलं की पेशी फुटतात. आधी जांभळ्या टोपणाची छोटी नळी अर्ध्या मिलीपर्यंत भरायची आणि लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची. यात उशीर झाला की बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्याच कमी येतात. टाच पिळून घेतलेल्या रक्तात पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही पेशींतली एन्झाइम खोटीच वाढतात, कारण पेशी फुटून ती बाहेर सांडतात. एलडीएच वाढलं म्हणजे आजार गंभीर, असं म्हणण्याआधी लॅबला फोन करून सीरम (रक्तातला पेशींविना उरलेला द्रव) लालसर होतं का ते विचारावं, तसं असेल तर पेशी फुटल्या आहेत.

सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किंवा संसर्ग असला की वाढणारं प्रथिन, यात सर्वांत जास्त गोंधळ एककाचा होतो. काल एका लॅबचा आकडा ४.८, आज दुसऱ्या लॅबचा ३०. घरचे घाबरतात, सहापट वाढलं म्हणून. कालचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होता, म्हणजे ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर. आज तो ३० वर उतरला आहे! आकड्याशेजारची ती बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. दुसरी गोष्ट वेळेची. सीआरपी चढायला ६ ते १२ तास लागतात आणि शिखर गाठायला साधारण दोन दिवस. तापाच्या चौथ्या तासाला आलेल्या ५ ला काही अर्थ नाही. उलट ॲडिनोव्हायरस हा विषाणू एकटाच सीआरपी १०० च्या पुढे नेऊ शकतो. त्यामुळे एका आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करत नाही. २४ तासांनी पुन्हा बघते आणि दोन्ही वेळी बाळ कसं दिसत होतं ते शेजारी लिहिते.

प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जिवाणू संसर्गात वाढणारा रक्तातला दुसरा घटक, लवकर चढतं आणि विषाणू संसर्गात शरीरातलं इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन त्याला दाबून ठेवतं. ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर जिवाणूंची शक्यता कमी धरते. पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ते आपोआपच वाढलेलं असतं, तिथे हा हिशोब लावू नये. तपासणी महाग आहे, शंका खरी असेल तरच सांगते.

सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ६० टक्के बघून पालक हादरतात, कारण शेजारी छापलेली मर्यादा मोठ्यांची असते. एक वर्षाच्या बाळात ६० टक्के नॉर्मल आहे. न्यूट्रोफिल (दुसऱ्या पांढऱ्या पेशी) आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर लहान बाळात मी फारसं मानत नाही, आणि स्टेरॉइडचा डोस गेला असेल तर मुळीच नाही. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल काही तासांत वाढतात.

बाळाला द्याव्या लागणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या वर न्यावा लागला किंवा बाळ मलूल झालं की ब्लड गॅस, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्लता (पीएच) मोजणारी तपासणी. सिरिंजमध्ये हेपारिन उरलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडे बिघडतात. बुडबुडा लगेच काढायचा आणि नमुना अर्ध्या तासात मशीनवर. शिरेच्या रक्तातला ऑक्सिजन वाचायचा नाही, कार्बन डायऑक्साइड आणि पीएच वाचायचे. मिनिटाला ७० श्वास घेणाऱ्या बाळात कार्बन डायऑक्साइड ४० च्या खाली असायला हवा. तो ५० कडे चढतोय, पीएच ७.३५ च्या खाली गेलाय आणि नातेवाईक म्हणताहेत "आता जरा शांत झोपलंय", तर ती झोप नाही, बाळ थकलंय. मी तेव्हाच आयसीयूला कळवते. लॅक्टेटचा (ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या आम्लाचा) आकडा मात्र सांभाळून घ्यावा. सॅल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ, जोराचं रडणं, घट्ट बांधलेला पट्टा, या तिन्हींनी ते वाढतं.

सोडियम, म्हणजे रक्तातलं मिठाचं प्रमाण, हा दुर्लक्षित आकडा. या आजारात एडीएच संप्रेरक पाणी धरून ठेवतं, त्यात कमी मिठाचं सलाईन दिलं की सोडियम १३० च्या खाली उतरून झटके येऊ शकतात. शक्य तितकं दूध नाकातल्या नळीतून, आणि सलाईन लागलंच तर ०.९ टक्के मिठाचं, ग्लुकोजसह. पण सलाईन चालू असलेल्याच हातातून नमुना घेतला तर साखर भलतीच जास्त आणि सोडियम चुकीचं येतं. असा रिपोर्ट आला की औषध बदलण्याआधी दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेते.

लॅबच्या फॉर्मवर नावाखाली मी चार ओळी लिहून ठेवते: ताप कधी सुरू झाला, शेवटचं स्टेरॉइड किती वाजता, शेवटची वाफ किती वाजता, नमुना घेताना ऑक्सिजन किती. रात्रपाळीच्या डॉक्टरला पहाटे तीन वाजता आकड्यांआधी याच ओळी लागतात.