आमची वाटचाल : सीपी/एम ते आजपर्यंत

१९८३ साली इचलकरंजीत आम्ही फर्म सुरू केली. झेड-८० प्रोसेसरचं एक मशीन, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मी आणि माझे भागीदार. ते मूळचे रेडिओ दुरुस्तीतले, सोल्डरिंगचा हात असा की टाका दिसायचा नाही. मशीन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम सीपी/एम २.२, मजकुरासाठी वर्डस्टार आणि नोंदींसाठी डीबेस टू एवढ्या सामानावर, ६४ के (किलोबाइट) मेमरीत, आम्ही सूत व्यापाऱ्यांची लेजरं आणि बिलं काढायचो. फ्लॉपी बदलली की आधी कंट्रोल-सी, नाहीतर लिहायला गेलं की बीडॉस एरर, म्हणजे सिस्टीम लिहूच द्यायची नाही. हे ज्याच्या बोटांत बसलं नाही, त्याला आम्ही कीबोर्डला हात लावू देत नव्हतो.

१९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर पीसीचे भाव उतरू लागले आणि गावात दुसरी फर्म आली. नाव घेत नाही. त्यांचा प्रचार एकच : सीपी/एम मेलं, पीसीवरची सिस्टीम डॉस हे पूर्ण नवं तंत्र आहे, यांच्याकडे अडकलेला डेटा आता बाहेर निघायचा नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचा फॉरमॅट प्रत्येक कंपनीचा वेगळा होता, त्यामुळे आमची फ्लॉपी पीसीत घातली की खरोखरच वाचली जायची नाही. ते हे पार्टीसमोर करून दाखवायचे. बघणाऱ्याला आणखी काय पुरावा लागतो? वर्षभरात निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं गेली, प्रिंटरच्या रिबनचे पैसेही उधारीवर आले.

पण 'पूर्ण नवं तंत्र' हे धादांत खोटं होतं, आणि ते मला आजही सहन होत नाही. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम लिहिलं. १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये टिम पॅटर्सन यांनी इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरसाठी जी सिस्टीम केली, ती सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत अशाच बेताने केली. पुढे १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि तीच डॉस झाली. ज्याने दोन्हींवर असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांची भाषा, लिहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. सीपी/एममध्ये सी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधला छोटा कप्पा) ९ हा फंक्शनचा नंबर टाकून मेमरीतल्या पत्ता ५ ला कॉल केला की डॉलरच्या चिन्हापर्यंतची ओळ पडद्यावर येते. डॉसमध्ये एएच रजिस्टरमध्ये ९ टाका आणि इंटरप्ट २१ हेक्स, म्हणजे सिस्टीमला हाक, द्या. ओळीच्या शेवटी डॉलर तोच, फंक्शनचा नंबर तोच. प्रोग्रॅम मेमरीत १०० हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) या पत्त्यावर चढतो, तेही तसंच. सीपी/एम मागे पडलं ते गुणांत नव्हे, भावात. पीसी बनवणाऱ्या आयबीएमच्या यादीत पीसी-डॉस, म्हणजे तेच डॉस, ४० डॉलरला आणि पीसीवरचं सीपी/एम, म्हणजे सीपी/एम-८६, २४० डॉलरला होतं. गिऱ्हाईक काय उचलणार?

त्या दिवसांत एकच माणूस ठाम राहिला, आमचे अण्णा. सुताचा मोठा व्यापार, शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, "यंत्र कुठलं ते तुम्ही बघा. माझी उधारी मला पैशापर्यंत जुळलेली पाहिजे." आणि नव्या पीसीचे पैसे आगाऊ दिले.

मग जुन्या मशीनमधला डेटा नव्या पीसीत न्यायला भागीदारांनी केबल बनवली. पंचवीस पिनचे दोन कनेक्टर, दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट, सात सरळ, आणि हँडशेकच्या (समोरचं मशीन तयार आहे का ते कळवणाऱ्या) पिना जागच्या जागी जोडलेल्या. डीबेसमधून फाइल एसडीएफ म्हणजे साध्या मजकुरात काढायची, कारण मूळ फाइलमध्ये मध्येच १ए हेक्स आला तर पिप (सीपी/एमचा कॉपी करायचा प्रोग्रॅम) तिथेच फाइल संपली असं धरतं. एका टोकाला पिपने पन: वर, म्हणजे सिरियल पोर्टवर, पाठवायचं, दुसऱ्या टोकाला पीसीवर कॉपी कॉम१: ने उतरवून घ्यायचं. वेग वाढवला की अक्षरं गळायची, म्हणून ३०० बॉडवर आणलं. सेकंदाला तीस अक्षरं, शंभर के च्या फाइलला जवळपास तास. रात्र रात्र ती केबल चालली. अण्णांच्या प्रत्येक खात्याची बाकी जुन्या आणि नव्या प्रिंटवर शेजारी शेजारी ठेवून तपासली. पैशाचा फरक नाही.

बातमी बाजारात पसरली आणि गेलेल्यांपैकी बरेच जण परतले. त्यानंतर डीबेसचे प्रोग्रॅम कंपाइल करणारं क्लिपर, नेटवेअरच्या नेटवर्कवरचे बिनडिस्कचे नोड, विंडोज, व्हॅट, जीएसटी, सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. काम वेळेवर दिलं, बिलं वेळेवर मिळाली.

या धंद्यात नवीन येणाऱ्या मुलांना सांगतो : गिऱ्हाइकाचा डेटा साध्या मजकुरात बाहेर काढायची सोय पहिल्याच आठवड्यात लिहा, आणि बॅकअप घेतला की तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. जुनं मशीन भंगारात देण्याआधी त्याचा सिरियल पोर्ट चालतो का ते तपासा.

ती दुसरी फर्म पुढे बंद पडली. त्यांच्या पार्ट्यांकडे कंपाइल केलेले प्रोग्रॅम होते, सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, कुणालाच दिलेला नव्हता. त्या आमच्याकडे आल्या. डीबेसच्या धर्तीच्या डीबीएफ फाइली उघडून आम्ही त्यांची लेजरं उतरवून दिली. दर नेहमीचाच लावला.