आमची वाटचाल : पलटणीच्या इतिहासापासून शिपायाच्या नावापर्यंत

आमच्या प्रकाशनाने सुरुवात केली ती पलटणींच्या इतिहासापासून. लढाया, नकाशे, मानमरातब असा सगळा ऐवज त्यात असायचा. वाचक मात्र विचारायचे, ‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमध्ये बसऱ्याला होते, त्यांचं नाव यात का नाही?’ या प्रश्नानेच आमच्या कामाची दिशा ठरली.

नाव नसण्याचं कारण मूळ कागदांतच आहे. पलटणीच्या युद्धडायरीत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचे बहुधा नुसते आकडे. बसऱ्याच्या स्मारकावरही भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि शिपायांची फक्त संख्या. इराकमधल्याच कुत या ठाण्याला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला ठाणं पडलं आणि त्या कैदेत गेल्या. त्यांतल्या साध्या शिपायाचा माग घरातूनच काढावा लागतो.

घरात पहिल्यांदा बघायचं ते पदक. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ‘१९१४-१५चा तारा’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. घरोघरी दसऱ्याला पदकं चिंच-मीठ लावून घासली जातात आणि दर वेळी अक्षरं थोडी थोडी झिजतात. अशा वेळी समोरून फोटो काढून काही दिसत नाही. खोलीत अंधार करायचा, टॉर्च कडेला जवळजवळ आडवी धरायची, पदक हळूहळू फिरवत पाच-सहा फोटो घ्यायचे. अक्षरं गेली तरी ठोक्याची सावली उमटते. पदक पुन्हा घासू नका, हे आम्ही प्रत्येक घरी कळवळून सांगतो.

नुसत्या नावावर कधीच विसंबत नाही. एकाच पलटणीत गणपत जाधव कितीतरी सापडतात. त्या काळी क्रमांक पलटणीगणिक दिले जायचे, म्हणून क्रमांक आणि पलटण या दोन्ही गोष्टी जुळल्याच पाहिजेत. १९२२च्या फेररचनेत पलटणींचे आकडेही बदलले. ११०वी पुढे ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. १० जुलै १९४४ला इटलीत धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे याच ३/५चे. गावांचंही तसंच. जुन्या नोंदीतला कुलाबा म्हणजे आजचा रायगड, आणि रत्नागिरी म्हटलं की त्यात सिंधुदुर्गही आलाच. तालुका कळल्याशिवाय आम्ही वाडीचं नाव छापत नाही.

१९६५ आणि १९७१च्या जवानांच्या मुलाखतींत तारखेपासून सुरुवात केली की गाडी अडते. जागा, बूट, शिधा, घरून आलेली पत्रं यांविषयी विचारलं की आठवणी सलग येतात. तारखा नंतर डिस्चार्ज बुकावरून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या नोकरीच्या नोंदवहीवरून लावायच्या. जवानाचं सांगणं आणि कागद जुळले नाहीत तर आम्ही दोन्ही छापतो, त्याचं वाक्य बदलत नाही.

छपाईचा खर्च वाचवायचा मोह बायंडिंगमध्ये होतो आणि नेमका तिथेच तो करू नये. घरची मंडळी पुस्तक आपल्या माणसाच्या पानावरच पुन्हा पुन्हा उघडतात, त्यामुळे नुसत्या डिंकाच्या बायंडिंगचा कणा तिथेच फुटतो. म्हणून १६ पानांचे घडी घातलेले गठ्ठे (छपाईतले ‘फॉर्म’) शिवूनच घेतो. मजकुराला ८० जीएसएम (कागदाच्या जाडीचं वजनी माप) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद, फोटोंना १३० जीएसएम आर्ट पेपर. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करतो. नकाशा दोन पानांवर पसरला की नेमकी नदी किंवा टेकडी शिवणीत गडप होते. तो एकाच पानावर बसवतो आणि पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवत नाही. श्रीलिपी या जुन्या टंकलेखन प्रणालीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणताना ‘साताऱ्याचा’चं ‘सातार्याचा’ होतं, म्हणून नावांच्या याद्या मूळ कागद समोर ठेवून दोघं मिळून मोठ्याने वाचतात.

एका वेळी ३००च प्रती काढतो. एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीकडे जाते आणि तिच्यासोबत दुरुस्तीचा कोरा फॉर्म : क्रमांक, पलटण, नाव, वडिलांचं नाव, गाव, पुरावा. भरून आलेले फॉर्म तपासून पुढच्या छपाईत यादी दुरुस्त होते.