लाइन गेली की लॅपटॉपला घरचे वायफाय का दिसेना

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. नागपुरातल्या प्रतापनगरात आमच्या घरी दुपारी दोनच्या सुमारास लाइन गेली आणि पाऊण तासाने आली. कूलर पुन्हा सुरू झाला, राऊटरचे दिवे लागले, आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्धा राहिलेला अर्ज पूर्ण करण्यासाठी शेजारची मुलगी माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसली. दोनच मिनिटांत तिने स्वयंपाकघरात मला हाक मारली, "काकू, तुमचं वायफाय दिसूनच नाही राहिलं."

तिच्या या वाक्यातला "दिसून" हा शब्द मी त्या वेळी नीट ऐकला असता, तर पुढचे चार दिवस वाचले असते. वायफाय चालत नाही असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पहिल्यात लॅपटॉपवर वायफायचा पर्यायच नाहीसा होतो. दुसऱ्यात पर्याय असतो, आसपासची नावेही दिसतात, पण आपल्या घरचे नाव यादीत नसते. आणि तिसऱ्यात नाव दिसते, लॅपटॉप जोडलाही जातो, पण एकही पान उघडत नाही. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आमचा बिघाड दुसऱ्या प्रकारचा होता, आणि मी मात्र आलटून पालटून पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचे उपाय करत राहिले.

फेब्रुवारीत आम्ही फायबरची नवी जोडणी घेतली, तेव्हापासून हे अधूनमधून होत होते. उन्हाळा वाढला, दुपारची लाइन जाऊ लागली आणि तक्रारही वाढली. लॅपटॉप बंद करून सुरू करणे, एअरप्लेन मोड लावून काढणे, नेटवर्क रीसेट करणे, हे सारे मी केले. नेटवर्क रीसेटने जतन केलेले सगळे पासवर्ड पुसले जातात, हे ते केल्यानंतर कळले. एकदा तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफायचा ड्रायव्हरच, म्हणजे लॅपटॉपमधले वायफायचे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअरच, काढून टाकला, आणि सोबतची फाइलही पुसावी का, या प्रश्नाला होकार दिला. तसे केल्यावर ड्रायव्हर परत उतरवून घ्यायला इंटरनेट लागते, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर लागतो. त्या वेळी मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला दिले, म्हणून सुटका झाली. ही युक्ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, कारण तिला वायफायच्या कार्डाची गरजच नसते.

खरी दिशाभूल झाली ती यामुळे, की यांपैकी प्रत्येक उपाय कधी ना कधी "लागू पडला". मी लॅपटॉपवर काहीतरी करायचे आणि त्याच वेळी घरातले कोणीतरी राऊटरचे बटण बंद करून चालू करायचे. नाव परत दिसू लागले की श्रेय मी माझ्या उपायाला द्यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा प्रयोगशाळेतला साधा नियम मी आणि घरच्यांनी मिळून मोडला होता, आणि त्यामुळे हाती आलेले पुरावे निरुपयोगी झाले होते.

शेवटी लॅपटॉप घेऊन मी बर्डीवरच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने तो दुकानातल्या वायफायला जोडून पाहिला. तो लगेच जोडला गेला. तरीही त्याचे म्हणणे ठरलेले होते. "मॅडम, कार्ड गेलं जी तुमचं. कधी चालते, कधी नाही चालत, म्हणजे बदलावंच लागते." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. अधूनमधून बंद पडणारे कार्ड असू शकते, आणि झाकणाच्या बिजागरीतून जाणारी अँटेनाची बारीक तार सैल झाली तरीही अशीच लक्षणे दिसतात. परंतु एक गोष्ट मला खटकत होती. ज्या दुपारी आमच्या घरचे नाव दिसत नव्हते, त्याच दुपारी त्याच यादीत शेजाऱ्यांची नऊ-दहा नावे दिसत होती, आणि त्यांतली काही तर दोन भिंतींपलीकडची होती. बिघडलेले कार्ड किंवा तुटलेली तार दूरची नावे ऐकेल आणि आठ पावलांवरचे एकटे घरचे नाव तेवढे गाळेल, हे पटण्यासारखे नव्हते. मी लॅपटॉप परत घेऊन आले.

घरी येऊन पुढची लाइन जाण्याची वाट पाहिली. ती दुसऱ्याच दिवशी गेली. या वेळी लाइन आल्यावर राऊटरला कोणी हात लावायचा नाही, असे सर्वांना सांगून ठेवले होते. लॅपटॉपवर घरचे नाव नव्हते. मोबाइलवर मात्र ते होते, आणि मोबाइल जोडलेलाही होता. मग मी दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला, तर लॅपटॉप क्षणात त्याला जोडला गेला. म्हणजे कार्ड धड होते आणि राऊटरही धड होता. या दोघांना एकमेकांचे ऐकू येत नव्हते, एवढेच. त्यानंतर मोबाइलवर आसपासच्या वायफायचे चॅनेल दाखवणारे एक ॲप उतरवून घेतले, आणि तिथे उत्तर सापडले. वायफायच्या लहरींचा पट्टा क्रमांक दिलेल्या भागांत वाटलेला असतो, त्या भागांना चॅनेल म्हणतात. आमचा राऊटर त्या वेळी १३ क्रमांकाच्या चॅनेलवर बोलत होता.

हे कळल्यावर सगळे धागे जुळले, पण ते कसे जुळले हे थोडे सविस्तर सांगायला हवे. वायफायचा जुना आणि सर्रास वापरला जाणारा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मधल्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, आणि आपल्याकडे त्यात १ ते १३ असे चॅनेल वापरता येतात. पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर आहे, पुढचा प्रत्येक मध्य ५ मेगाहर्ट्झने सरकतो, आणि तेराव्याचा मध्य २४७२ वर येतो. एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असल्यामुळे तेरावा पट्ट्याच्या वरच्या काठाला जवळजवळ टेकतो. अमेरिकेत त्या काठापलीकडच्या लहरींना संरक्षण देणारे नियम कडक आहेत. १२ आणि १३ या चॅनेलांवर तिथे फारच कमी शक्तीने बोलावे लागते, म्हणून तिथल्या बाजारासाठी बनवलेली बरीच उपकरणे ते दोन चॅनेल वापरतच नाहीत आणि ११ वर थांबतात.

माझा लॅपटॉप मावसभावाने २०१८ मध्ये अमेरिकेहून येताना माझ्यासाठी आणला होता. तो ११ पर्यंतच ऐकत होता. बाराव्या-तेराव्या चॅनेलवर कोणी कितीही मोठ्याने बोलले, तरी त्याच्या दृष्टीने तिथे शांतताच होती. नागपुरात घेतलेले मोबाइल मात्र तेराही चॅनेल ऐकत होते, आणि म्हणून घरात दुसऱ्या कोणाचीच तक्रार नव्हती.

मग हे रोज का होत नव्हते? नव्या राऊटरवर चॅनेलची निवड "ऑटो"वर ठेवलेली होती. असा राऊटर सुरू होताना आसपास कोणत्या चॅनेलवर किती गर्दी आहे ते पाहतो आणि मोकळा वाटेल तो चॅनेल धरतो. आमच्या गल्लीत बहुतेकांचे राऊटर पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या चॅनेलवर बसलेले. वरचा काठ तेवढा मोकळा. लाइन गेली की राऊटर बंद पडायचा, लाइन आली की नव्याने निवड करायचा, आणि ती निवड बारावर किंवा तेरावर पडली की लॅपटॉपपुरते आमचे घर नकाशावरून पुसले जायचे. बटण बंद-चालू केले की कधी ती निवड खाली सरकायची, आणि नाव परत यायचे. हिवाळ्यात लाइन क्वचित जाते, त्यामुळे फेब्रुवारीत हा प्रकार विरळ होता आणि मे महिन्यात जवळजवळ रोजचा झाला.

लॅपटॉपच्या बाजूने हे सुधारता येईल का, तेही पाहिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत काही कंपन्या देश किंवा प्रदेश निवडण्याचा पर्याय देतात. माझ्या कार्डात तो नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, "नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स" (netsh wlan show drivers) ही आज्ञा दिली की कार्ड कोणकोणते रेडिओ प्रकार जाणते ते कळते. माझ्या यादीत ८०२.११ बी, जी आणि एन एवढेच निघाले. ८०२.११ ए किंवा एसी त्यात नाहीत, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा रस्ताही या लॅपटॉपला बंद आहे. ज्यांच्या लॅपटॉपला तो रस्ता खुला आहे त्यांनाही एक गोष्ट ठाऊक असावी: ५ गिगाहर्ट्झमधले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात, आणि त्यांवर बोलण्यापूर्वी राऊटरला किमान एक मिनिट गप्प राहून ऐकावे लागते. त्यामुळे लाइन आल्या आल्या ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसले नाही, तर घाई न करता थोडे थांबावे.

उपाय राऊटरच्या बाजूने करायचा होता, आणि तो दहा मिनिटांचा निघाला. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला, आमचा १९२.१६८.१.१ आहे, आणि बहुतेक राऊटरांच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर तो पत्ता आणि प्रवेशाचा पासवर्ड छापलेला असतो. आत २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस पानावर "ऑटो" काढून चॅनेल ६ निवडला. ११ पर्यंतचा कोणताही चॅनेल लॅपटॉपला चालला असता, पण १, ६ आणि ११ या तिघांतूनच निवड करणे शहाणपणाचे आहे, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. शेजाऱ्याच्याच चॅनेलवर बसले तर दोन्ही राऊटर एकमेकांचे ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. मधल्याच तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनेलवर बसले तर शेजाऱ्याचे बोलणे आपल्याला नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते, आणि आपलेही त्याला तसेच. ॲपमध्ये पाहिले तर सहाव्यावर तीन क्षीण नावे होती आणि अकराव्यावर पाच ठळक, म्हणून सहा घेतला. रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ केली; ४० ठेवली की एकच घर जवळजवळ अर्धा पट्टा व्यापते, आणि दाट वस्तीत ते कोणाच्याच हिताचे नाही.

तिसऱ्या प्रकारच्या बिघाडाविषयी, म्हणजे जोडले जाते पण चालत नाही त्याविषयी, थोडक्यात लिहिते, कारण बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये "आयपीकॉन्फिग" (ipconfig) टाकावे आणि लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक काढून घेतला आहे. तिथे राऊटर आणि लॅपटॉप यांच्यातच पाहायला हवे. पत्ता ठीक असेल तर आधी राऊटरला पिंग करावे, म्हणजे हाक मारून उत्तर येते का ते पाहावे, आणि नंतर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. पहिले उत्तर येते आणि दुसरे येत नाही, तर घराबाहेरची वाट तुटली असण्याची शक्यता जास्त. फायबरच्या पेटीवर लाल दिवा आहे का ते पाहावे आणि सेवा देणाऱ्याला फोन करावा. दोन्ही उत्तरे येतात पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा आहे. आणि सारे जोडलेले असूनही प्रत्येक पान असुरक्षित असल्याचा इशारा देत असेल, तर लॅपटॉपची तारीख तपासावी. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि ब्राउझर कोणत्याही प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही.

अमेरिकेहून आलेले लॅपटॉप आणि वायफायचे छोटे यूएसबी कार्ड आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत. मुले तिकडे असतात, येताना घेऊन येतात, आणि आईवडील इथे ते वापरतात. मुलांशी रोज बोलायचे असते ते त्याच लॅपटॉपवर. अशा घरी वायफाय अधूनमधून नाहीसे होत असेल, तर कार्ड बदलण्यापूर्वी राऊटरचा चॅनेल एकदा अवश्य पाहावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. माझी मावशी त्रिमूर्तीनगरात एकटी राहते. तिच्याकडेही मावसभावानेच आणलेला लॅपटॉप आहे. "बेटा, हे माझ्यानं नाही होत," म्हणून तिने महिनाभर तो उघडला नव्हता. रविवारी जाऊन पाहिले, तर तिचा राऊटर १२ वर होता.

शेजारच्या मुलीचा अर्ज आमचा चॅनेल बदलला त्याच संध्याकाळी भरून झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाइन गेली. ती आल्यावर आम्ही दोघी लॅपटॉप उघडून राऊटरचे दिवे एकेक करून लागताना पाहत बसलो. शेवटचा दिवा स्थिर झाला आणि काही सेकंदांतच यादीत आमचे नाव आले. चॅनेल ६, रुंदी २० आणि राऊटरचा पत्ता असा एक कागद मी राऊटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे.