पांदण रस्त्यावरची क्रूझर

2021 च्या दिवाळीनंतर मी बजाजची ॲव्हेंजर क्रूझ 220 ही 2016 सालची जुनी गाडी विकत घेतली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून कामावर जाऊन-येऊन रोज साठ किलोमीटर होतात, त्यातले सुरुवातीचे चार किलोमीटर पांदण रस्त्याचे, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेचे आहेत. पाय पुढे सोडून, पाठ ताठ ठेवून बसता येईल अशी, म्हणजे क्रूझर धाटणीची गाडी मला हवी होती आणि ती मिळालीही. मात्र तिला आणखी आरामदायी आणि, खरे सांगायचे तर, आणखी देखणी करण्याच्या नादात पुढची दोन वर्षे मी बाहेरचे सुटे भाग बसवण्यात आणि त्यांतले निम्मे काढण्यात घालवली.

पहिले काम सायलेन्सरचे निघाले. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवला होता, त्यामुळे वेग कमी करताना गाडी फटाक्यासारखी फुटायची आणि गोठ्यातली जनावरे बिचकायची. धूर मोकळा वाहू लागला पण हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरचे माप मात्र पूर्वीचेच राहिले, की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि असे आवाज येतात, हे मला नंतर समजले. शिवाय मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ धाटणीचा सायलेन्सर यवतमाळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला आणि तो प्रश्न एका दुपारीच मिटला.

हँडलचा प्रश्न इतक्या लवकर मिटला नाही. मी आधी हँडलखाली दोन इंचांचे रायझर, म्हणजे हँडल उचलून धरणारे ठोकळे बसवले आणि महिन्याभरात त्यांच्या जागी एक उंच हँडलच आणला. खांदे मोकळे झाले, फोटोही छान आले. पण शेताच्या वळणावर हँडल पूर्ण डावीकडे वळवला की मी मूठ पिळलेली नसतानाही इंजिनाचा आवाज आपोआप वाढायचा. ॲक्सिलरेटरची केबल मूळ हँडलच्या मापाची होती आणि वळताना ती ताणली जाऊन कार्बोरेटर उघडत होती. क्लचच्या केबलची तीच गत होती. पुढच्या ब्रेकची नळी तर इतकी ताठ झाली होती की ती पाहून मला धडकी भरली. लांब केबल आणि लांब नळी घेऊन हे सुधारता आले असते, परंतु नळी बदलायची म्हणजे ब्रेक ऑइल काढून, हवा बाहेर घालवून, पुन्हा भरणे आले, आणि गावात ते काम नीट करणारे कोणी नव्हते. मी मूळ हँडल परत बसवला.

सर्वांत महागात पडले ते दिवे. रात्री रस्त्यात रोही किंवा रानडुक्कर आडवे येते, म्हणून मी लेगगार्डवर प्रत्येकी 40 वॅटचे दोन एलईडी दिवे लावले आणि त्यांची वायर सरळ हेडलाइटच्या बटणाला जोडून दिली. डिसेंबरात एका रात्री तुरीला पाणी देऊन परतत असताना जळक्या प्लास्टिकचा वास आला, दिवे मिचमिचले आणि गाडी जागीच बंद पडली. दीडशे किलोहून जड गाडी दोन किलोमीटर ढकलत घरी आणली. सकाळी मिस्त्रींनी वितळलेले बटण बोटावर धरून दाखवले आणि म्हणाले, "भाऊ, गाडीले सोनं चढवलं, पन एक रिले कायले नाही लावला जी?"

त्यांचे म्हणणे साधे होते. दोन्ही दिव्यांचे मिळून 80 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर जवळजवळ पावणेसात अँपिअर इतका अधिकचा प्रवाह त्या बारीक वायरीतून आणि बटणातून वाहत होता. रिले म्हणजे थोड्याशा प्रवाहाने चालू होऊन मोठा प्रवाह सोडणारे वेगळे बटण; तो असला म्हणजे हेडलाइटच्या बटणाने फक्त रिलेला जागे करायचे. दिव्यांचा प्रवाह बॅटरीपासून फ्यूज आणि रिले यांच्यामार्फत जाडसर वायरीने स्वतंत्र जातो. आता बॅटरीशेजारी 10 अँपिअरचा फ्यूज आहे, दिवेही 20 वॅटचेच लावले आहेत, आणि जोडणीवर निव्वळ काळी टेप गुंडाळण्याऐवजी जाड नळी चढवली आहे, कारण सरकीच्या पोत्यांजवळ गाडी लावली की उंदीर टेप कुरतडतात.

आमच्या काळ्या मातीने मात्र मला सर्वांत जास्त शिकवले. देखणा म्हणून बसवलेला चाकालगतचा क्रोमचा मडगार्ड पहिल्याच पावसात चिखलाने असा गच्च भरला की पुढचे चाक फिरेना. गावात बरेच जण पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढूनच ठेवतात. पण या गाडीचा ऑइल कूलर, म्हणजे इंजिन ऑइल थंड करणारी जाळी, पुढच्या चाकाच्या मागेच असल्यामुळे सगळा चिखल त्याच्या जाळीत जाऊन बसेल, म्हणून मी कंपनीचा मडगार्ड पुन्हा लावला. तरीही दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने जाळी साफ करावी लागते, नाहीतर मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात इंजिन तापायला वेळ लागत नाही. चेन पावसाळ्यात दर पाचशे किलोमीटरला डिझेलने धुऊन, पुसून, 90 नंबरचे गिअर ऑइल लावतो, आणि तिचा ढिलेपणा बोटाने वर-खाली करून साधारण इंचभर आहे की नाही हे पाहतो. कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ फार, त्यामुळे एअर फिल्टर लवकर बदलतो आणि इंजिन ऑइल तीन हजार किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही.

बाहेरच्या सामानापैकी आता लेगगार्ड, बॅकरेस्ट, दिवे आणि दोन सॅडलबॅगा एवढेच गाडीवर आहे. उजव्या बॅगेत स्पॅनर, जादा फ्यूज आणि चाकातला चिखल काढण्यासाठी बांबूची एक कामटी असते. क्रोमचा मडगार्ड माझ्या भाच्याने मागून नेला. उंच हँडल वडिलांनी गोठ्याच्या भिंतीला ठोकला असून त्यावर बैलांचे दोर टांगलेले असतात.