जागायला कारण लागतं

सांगलीत ‘बँकॉकला चाललोय’ असं सांगितलं की ऐकणारा आधी विचारतो, ‘वहिनी पण आहेत?’ नाही म्हटलं की तो नुसताच ‘असू दे, असू दे’ म्हणतो, आणि त्या दोन ‘असू दे’मध्ये सगळं येतं. म्हणून आमच्या टोळक्यातल्या प्रत्येकानं निघण्याआधी घरी देवळांची यादी मोठ्यानं वाचून दाखवली होती. यादी खरी होती. दिवसभर आम्ही देवळंच बघितली.

मोठ्या राजवाड्याच्या दारात सरांना अडवलं, कारण सर बर्मुड्यावर आले होते. सर म्हणजे आमच्यातले शाळामास्तर; आयुष्यभर पोरांना गणवेशावरून वर्गाबाहेर काढलं, ते आता राजवाड्याबाहेर उभे. शेवटी समोरच्या दुकानातून हत्तींच्या छापाची ढगळ विजार घेतली. त्या विजारीत सर आत शिरले ते रामायणासमोर येऊन थांबले. पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत त्यांचं रामायण, म्हणजे रामकिएन, भिंतीवर रंगवलंय, 178 चित्रांत. राजवाडा 1782 सालचा. सरांनी लगेच हिशेब मांडला : विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं 1843 साली, म्हणजे हे त्याच्या 61 वर्षं आधीचं. सांगलीचा माणूस कुठंही गेला तरी पाच नोव्हेंबर, म्हणजे रंगभूमी दिन, खिशात घेऊन जातो.

गडबड झाली ती मारुतीमुळे. इथला हनुमान पांढराशुभ्र, आणि ब्रह्मचारी अजिबात नाही. सेतू बांधताना रावणाची मुलगी आडवी येते, ती मत्स्यकन्या असते, आणि मारुतीराय तिच्या प्रेमात पडतात. नंतर त्यांना मुलगाही होतो. आमचा बापू शनिवार धरतो. गाईडचं बोलणं ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘हे गावाकडं सांगू नका रे.’

बापूची सराफी पेढी आहे. संध्याकाळी यावारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाऊनला गेलो, तेव्हा त्याचा मूड परत आला. लालभडक दुकानं, एकाला लागून एक, सगळी सोन्याची. पेढ्या बंद व्हायची वेळ झाली होती. शटर खाली येत होतं आणि बापू वाकून वाकून आत बघत होता. बाट म्हणजे तिथलं चलन, पण तोळा नाही, ग्रॅम नाही, तिथं सोनंसुद्धा बाटवर मोजतात. एक बाट दागिना म्हणजे 15.16 ग्रॅम, आणि कस 96.5 टक्के. ‘आपल्या बावीस कॅरेटपेक्षा चोख,’ हे तो असं म्हणाला की जणू त्याचाच माल होता. एकीकडं दुकानं बंद होत होती आणि त्याच फूटपाथवर गाड्या लागत होत्या, कढया तापत होत्या. रस्ता कामावरून सुटून जेवायला बसल्यासारखा वाटला.

आणि अण्णा? अण्णा आधीच जेवला होता. अण्णा जैन, हळदीचा अडत्या, नेमाचा पक्का. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. हॉटेलच्या खोलीत सहाच्या आत त्यानं धपाटे, शेंगांची चटणी आणि मूठभर भडंग उरकलं आणि ‘चला, कुठं जायचं तिथं चला’ म्हणून सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार.

खाओ सान रोडवर त्याची खरी मजा झाली. तो गल्लीएवढा रस्ता, दोन्ही बाजूंना बार, प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि सगळी एकदमच चालू. काडीला टोचलेले तळलेले विंचू. नुसता फोटो काढायचा तरी पैसे मागतात. सरांच्या विजारीकडं इथं कुणी ढुंकूनही बघितलं नाही, कारण निम्म्या रस्त्यानं तीच घातली होती. आम्ही बसलो. वेटरनं अण्णापुढं मेनू ठेवला. अण्णानं हात जोडले. तिनं ज्यूस सुचवला. परत हात. मग ती बिचारी ग्लासभर पाणी घेऊन आली, तेव्हा अण्णानं ते हळूच बापूकडं सरकवलं. पुढं ती दर दहा मिनिटांनी येऊन त्याच्याकडं काळजीनं बघून जायची. तिला वाटत असणार, या माणसाला काहीतरी झालंय.

एक वाजला तरी आम्ही उठलो नाही, आणि तेव्हा मला जाणवलं की प्रत्येक जण मधूनमधून घड्याळ बघतोय. उशीर कशाला होणार होता? कुणालाच काम नव्हतं. पण आपल्याला जागायला कारण लागतं. कोजागिरीला दूध आटवायचं असतं, विसर्जनाला मंडळ असतं, मिरजेला अवेळी गाडी असते. नाहीतर आहे पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांआधी येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 वर गेलं, तेव्हा अख्खी पेठ गच्च्यांवर जागी होती आणि दर तासाला एकच प्रश्न : ‘किती झालं?’ बँकॉकमध्ये त्या दिवशी संध्याकाळी आम्ही चाओ फ्राया नदीच्या होडीत बसलो होतो. पलीकडच्या काठावर ‘वाट अरुण’ हे देऊळ उजळलेलं, सगळे मोबाईल वर करून उभे, आणि बापू वाकून पाण्याकडं बघत होता. ‘इथं किती फुटाला धोका असंल रे?’ होडीवाल्याला आमचं काय कळणार. पण 2011 च्या पुरात या शहराचा डॉन मुआंग विमानतळसुद्धा पाण्याखाली होता. होडीवाल्याच्या रात्रीही तेव्हा अशाच गेल्या असतील.

बिनकारणाचं जागरण मात्र जमावं लागतं. तरुणपणी ते जमतं, नंतर अंगात घर शिरतं. दोनला बार आवरायला लागले, मेट्रो कधीच बंद झालेली, टुकटुकवाला तोंडाला येईल तो आकडा सांगत होता. सरांनी जांभई दिली. आता सगळे खोलीकडं निघणार, एवढ्यात अण्णा म्हणाला, ‘मला लई भूक लागलीय.’

मिळालं की कारण! एकट्याला उपाशी सोडून झोपायचं म्हणजे काय? सूर्य उगवेपर्यंत थांबायचं ठरलं. फूटपाथवरच बैठक पडली, आणि मग वाद असा पेटला की टुकटुकवालासुद्धा गाडी बंद करून ऐकत बसला : बँकॉक आपल्या दीड तास पुढं, तर अण्णानं सूर्य इथला धरायचा की सांगलीचा? बापू म्हणाला, पंचांग सांगलीचं. सर म्हणाले, पंचांग नाही, सूर्य बघायचा. अण्णा म्हणाला, जो आधी उगवंल तो.