मे महिन्यात द्राक्षं नसतात

परवा दुपारी चारच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या फाटकात दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. एक आमच्याच इमारतीतली, नाशिकची एमएच १५, टपावर ताडपत्री आवळलेली, मागच्या सीटवर दोन पोरं निघण्याआधीच भांडायला लागलेली. ती निघाली होती गणपतीपुळ्याला. समोरची रत्नागिरीची एमएच ०८, धुळीने माखलेली, तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांची. तिच्या डिकीतून आंब्याचा वास थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. आधी कोणी सरकायचं यावर दोघांचं ठरेना, मग काचा खाली झाल्या आणि गप्पाच सुरू झाल्या.

“रस्ता कसाय हो?”

“बराय. डायव्हर्जनं फार.” आणि मग त्या रत्नागिरीकराने विचारलंच, “इथे द्राक्षं कुठे चांगली मिळतील?”

वॉचमन निफाडकडचा, म्हणजे द्राक्षांच्याच गावचा. तो नुसता हसला.

माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे. ते शिक्षण खात्याविरुद्ध आहे की निसर्गाविरुद्ध, हे अजून ठरलेलं नाही. कोकणचा आंबा बरोबर मे महिन्यात पिकतो. शाळा बंद, परीक्षा संपलेल्या, सगळा महाराष्ट्र मोकळा, आणि झाडाला हापूस. आमची द्राक्षं येतात ती जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन परीक्षांत. त्या दिवसांत कोण कुठे जातो? परीक्षा संपून पाहुणे येईतो बागेत खरड छाटणी, म्हणजे घड उतरल्यावरची, झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीत यावं, तर गोडी बहाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची, छाटणी नुकती उरकलेली. वर्षातून दोनदा छाटणी आणि दोनदाच मोठी सुट्टी, आणि त्या दोघींची गाठ अशी नेमकी पडते की परगावच्या मुलाला नाशिकमध्ये घड काही दिसत नाही. मांडव, तारा, पानं आणि औषध मारणारा ट्रॅक्टर, एवढं बघून तो परत जातो.

गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडहून आमची आत्या आणि काका यायचे ते दर मे महिन्यात. आंब्याची पेटी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. काका दारातच चपला काढताना म्हणायचे, “काय, द्राक्षं आहेत का?” संपली म्हटलं की, “कोल्ह्याला निदान आंबट तरी म्हणता येतात. आम्हांला दिसतसुद्धा नाहीत.” हा विनोद त्यांनी पंचवीसेक वर्षं केला. आई त्यांच्यापुढे बेदाण्यांची वाटी ठेवायची. ते एकेक बेदाणा उचलून असा बघायचे, जणू कुणाचा तरी लहानपणीचा फोटो आहे.

आम्ही जायचो ते एखाद्या वर्षाआड. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ला, त्याआधीची ही गोष्ट. नाशिकहून मुंबई, मुंबईहून रात्रीची एसटी, कशेडी घाटात मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडात आलेपाक. पहाटे हातखंब्याला डोळे उघडले की हवाच ओली लागायची. मालगुंडात पोचल्यावर अंघोळीचा टॉवेल जो ओला व्हायचा तो परतीच्या दिवशीही ओलाच पिशवीत जायचा. उलट आत्या नाशिकला आली की पहिल्या दिवसापासून कपडे धुवायला बसायची. चादरी, पडदे, आमचे मळके दप्तर. “इथे तासाभरात वाळतं गं,” असं आईला सांगताना तिचा चेहरा उजळायचा. दोरीवर कडकडीत वाळलेली चादर काढून ती नाकाला लावायची. तिची माहेरची सुट्टी म्हणजे बहुतेक तेवढीच.

एका वर्षी आजी आमच्याबरोबर आली. तिने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे नदीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येते, एवढंच. गंगेची ओटी भरायची सवय, म्हणून आजीने येताना खण, तांदूळ, हळकुंड असं सगळं बांधून आणलं होतं. गणपतीचं दर्शन झालं, टेकडीभोवतीची प्रदक्षिणा झाली, आणि ती वाळूत उतरून पदर सावरते तोच आत्याच्या सासूबाई मागून ओरडल्या, “अहो विहीणबाई, समुद्राची कसली ओटी भरताय? तो पुरुष माणूस!”

आजी थबकली. एवढं मोठं पाणी आणि बाई नाही, हे तिला पटत नव्हतं. शेवटी खण परत पिशवीत गेला आणि समुद्राला नारळावर भागवावं लागलं. नारळ लाटेने परत आणून टाकला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा आला. “घेईना मेला,” म्हणाली.

वडील लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते, हातात चपला, अगदी शिस्तीत, रांगेत उभं राहिल्यासारखे. घाटावरचा माणूस समुद्रात असाच उभा राहतो. काका बरोबर आले नव्हतेच. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, पण त्यांना तिकडे गेलेलं मी पाहिलं नाही. “बघायचंय काय त्यात? तेच पाणी आत जातं, तेच बाहेर येतं.”

मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. पांडवलेण्यांत चोवीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांची, आणि मी तिथे आयुष्यात तीनदा गेलोय, तिन्ही वेळा पाहुणे घेऊन. त्यातही एकदा खालीच थांबलो, गाडीपाशी. आम्ही नाशिककर हौसेने बघायला जातो ते फक्त पुराला. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, गुडघ्याला की छातीला, यावर ऑफिसं लवकर सुटतात. काठावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत आलं म्हणजे महापूर. ती घंटा खरं तर समुद्राकाठची, पोर्तुगिजांची. १७३९ला मराठ्यांनी वसई घेतली, त्या विजयानंतर ती इकडे आली म्हणतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वर बघत राहिले. “म्हणजे आमचीच,” म्हणाले.

त्र्यंबकलाही एकदा नेलं होतं त्यांना. गोदावरी उगम पावते त्या ब्रह्मगिरीकडे तोंड करून काकांनी भूगोल विचारला. समुद्र इथून किती? म्हटलं, सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. कुठल्या बाजूला? पश्चिमेला. आणि ही गोदावरी कुठे जाते? पूर्वेला, १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यांनी कपाळाला हात लावला. याच डोंगरांतली वैतरणा मुकाट पश्चिमेला वळते आणि अरबी समुद्र गाठते, हे कळल्यावर म्हणाले, “ती शहाणी.”

आत्या कुशावर्त कुंडातून पाय धुऊन येत होती. तिने एवढंच ऐकलं. “हिला वाटेत नाशिक लागतं ना,” म्हणाली आणि पदराने पाय पुसायला लागली.

हे सगळं त्या फाटकातल्या गाड्यांवरून का आठवलं, तर एमएच ०८ नाशिकला दोन कामांसाठी येते. एक सुट्टी. दुसरं रामकुंड. तिथे महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्याची नंबरप्लेट कधीही दिसते आणि मांडीवर कापडात बांधलेला कलश घेऊन कोणी तरी उतरतं.

आत्या गेली ती फेब्रुवारीत. तिने सांगून ठेवलं होतं. दारात समुद्र असताना एवढं लांब कशाला, असं तिथे एक-दोघांनी म्हटलंही असेल. आतेभाऊ आणि काका रात्रभर गाडी चालवत आले. विधी तासाभरात आटोपला. काका घाटाच्या पायरीवर बसून राहिले, पाण्याकडे न बघता. घरी चला म्हटलं, तर नको म्हणाले, परत पोचायचंय. मी महामार्गापर्यंत त्यांच्या गाडीत बसलो.

रस्त्याच्या कडेला द्राक्षांची दुकानं लागली होती, एकाला लागून एक, हिरवी, काळी, खोकी रचलेली. काकांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले, आणि नुसते उभे राहिले. दुकानदाराने सवयीने एक घड पुढे केला. त्यांनी त्यातलं एक द्राक्ष तोडलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि तोंडात टाकलं.

“गोड आहेत,” म्हणाले.

आतेभावाने दोन किलोंचं खोकं घेतलं. मागच्या सीटवर, येताना कलश होता तिथे ठेवलं. मग अंधाराच्या आत घाट उतरायचा म्हणून ते निघाले. मी रिक्षाने परत आलो.