तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवरच्या धुण्याचं काय?

"काकू, बोटीवर इतके दिवस राहता, मग धुण्याचं काय करता ओ?"

कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला हे विचारलं जातं. हल्ली ज्यांच्या मुलांनी आई-वडिलांसाठी लांबच्या क्रूझची तिकिटं काढली आहेत, त्या बायका मुद्दाम फोन करून विचारतात. बोटीवर जेवण काय असतं हे विचारणाऱ्या थोड्या, धुण्याचं विचारणाऱ्या जास्त. मला हा प्रश्न आवडतो. ज्यांनी वर्षानुवर्षं घर चालवलंय त्यांनाच तो सुचतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

केबिनमध्ये कपडे धुणं अवघड नाही. अवघड आहे ते वाळवणं. धुणं पाच मिनिटांचं काम, पण चुकीचं कापड घेऊन गेलात तर ते दोन दिवस ओलंच राहतं, आणि त्या एवढ्याशा खोलीत कुबट वास सुटतो.

आणि ओलं धुणं घरात वाळवायचं शिक्षण आपल्याकडे, कोल्हापुरात, दर पावसाळ्यात होतंच. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागली की सगळं गाव ४३ फुटांच्या धोका पातळीचा हिशोब करत बसतं, आणि घरात वलणीवरचे परकर तिसऱ्या दिवशीही गार लागतात. अशा दिवसांत आई काय करायची? कपडा अगदी घट्ट पिळायची, जोरात झटकायची, एकावर एक कधी टाकायची नाही, आणि रात्री पंखा लावून ठेवायची. पाणी होईल तेवढं काढायचं, कापड सुटं ठेवायचं, हवा हलती ठेवायची. बोटीवर याहून वेगळं काही करावं लागत नाही.

उलट बोटीवर एक सोय जास्त आहे. केबिनमध्ये एसी चोवीस तास चालू असतो, आणि एसी हवा गार करता करता तिच्यातलं पाणीही काढून घेतो. शिवाय बाथरूममधली हवा ओढून घेणारी जाळी सतत चालू असते. म्हणजे हवा केबिनमधून बाथरूमकडे वाहत राहते. हा प्रवाह ओळखला की कपडे कुठे टांगायचे हे आपोआप कळतं. कपडा आधी शॉवरमध्ये निथळू द्यायचा, मग बाहेर केबिनमध्ये आणायचा आणि बाथरूमचं दार थोडं उघडं ठेवायचं. रात्रभर बाथरूममध्येच ठेवलात आणि सकाळी कुणी गरम पाण्यानं आंघोळ केली, की जेवढा वाळला होता तेवढा पुन्हा ओला. बाल्कनीचं दार मात्र उघडं टाकू नका. बाहेरची दमट हवा आत येते आणि एसीची सगळी मेहनत वाया जाते. काही बोटींवर तर दार उघडलं की एसी बंदच पडतो.

पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण त्यावर साबण ठरतो. मोठ्या बोटींवर बरंचसं पाणी समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून तयार करतात. कुठे इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून, तर कुठे दाबानं बारीक पडद्यातून गाळून. त्या पाण्यात क्षार फार थोडे. आपल्या बोअरच्या जड पाण्यात वडी कितीही घासली तरी फेस येत नाही, तिथे मात्र दोनदा फिरवली की हातभर फेस. म्हणून साबण घरच्यापेक्षा निम्म्यानं कमी लावा, नाहीतर कितीही खळबळलं तरी कापड बुळबुळीतच लागतं आणि पाणी उगाच वाया जातं. मी धुण्याची साधी वडी अर्धी कापून साबणदाणीत घालून नेते. पावडर सांडते आणि पातळ साबणाची बाटली बॅगेत फुटते.

धुवायचं रोजच्या रोज, संध्याकाळच्या आंघोळीबरोबर. आतले कपडे, मोजे, एखादा ब्लाउज किंवा शर्ट, बस्स. ढीग साठवला की टांगायला जागा उरत नाही. जागा नसली की कपडे एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेले कपडे वाळत नाहीत. आमच्यात दुसराही एक नियम आहे: ज्याचे कपडे त्यानं धुवायचे. आमचे हे स्वतःचे कपडे स्वतः धुतात, स्वतः टांगतात. सहलीला गेलेल्या बाईनं तिथेही दोघांचं धुणं काढत बसावं, हे मला पटत नाही, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला मी हे आवर्जून सांगते.

नवरात्राच्या आधी पंचगंगेच्या घाटावर जी गर्दी होते ती तुम्ही पाहिली असेल. वाकळा, चादरी, सगळं घर घटस्थापनेआधी धुऊन निघतं. वाकळ काही हातानं पिळून निघत नाही. ती दगडावर टाकून पायानं तुडवावी लागते, तेव्हा कुठे तिच्यातलं पाणी सुटतं. शॉवरच्या तळाशी जाडसर शर्ट मी तसाच तुडवून धुते. आपटायला दगड नाही, आणि आपटूही नका, शेजारच्या केबिनला प्रत्येक आवाज जातो.

आता वळकटी. सगळ्या धुण्यातलं हे खरं काम, म्हणून नीट वाचा. कपडा हातानं पिळून झाल्यावर पलंगावर कोरडा पंचा पसरा. आपला इचलकरंजीचा साधा सुती पंचा, जाड टॉवेल नको. त्यावर कपडा सुरकुती न ठेवता पसरा, बाह्या आत घ्या. एका टोकापासून दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करा. मग ती जमिनीवर ठेवून तिच्यावर गुडघा टेकवा आणि पूर्ण भार देत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरका. उलगडलात की पंचा ओलाकिच्च आणि कपडा नुसता दमट. हातानं पिळताना धाग्याधाग्यांत अडकून राहिलेलं पाणी कोरडं सूत शोषून घेतं. टेरिकॉटचा शर्ट असा काढला की सकाळी अंगात घालण्याजोगा होतो. न काढता टांगला तर दुपारपर्यंत कॉलर ओलीच. पंचा पातळ असतो म्हणून तोही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळून पुन्हा कामाला येतो. सोलापुरी टॉवेल घरी कितीही चांगला असला तरी तिथे तो स्वतःच वाळत नाही.

टांगायला काय? शॉवरमध्ये बहुतेक बोटींवर भिंतीतून ओढून काढायची एक बारीक दोरी असते. ती पोहण्याच्या कपड्यांसाठी असते, तिच्यावर फार भार घालू नका. दुसरी सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आगीच्या भीतीनं केबिनच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, वरून त्या लाकडी किंवा कागदी दिसल्या तरी. त्यांना चुंबकाचे आकडे घट्ट चिकटतात. चार-सहा आकडे, थोडी नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे, एवढ्यावर केबिनमध्ये आपली वलणी तयार होते. फक्त ते चुंबक दाराच्या कार्डापासून आणि बँकेच्या कार्डांपासून लांब ठेवा, पट्टी बिघडली तर दार उघडायचं नाही. समुद्र खवळला की हँगर कपाटाच्या दांडीवर रात्रभर खडखडतात. तेव्हा दोन हँगरांच्या मध्ये मोजे अडकवून ठेवायचे, म्हणजे कपडे सुटेही राहतात आणि झोपही लागते.

छताला जी पाण्याची तोटी दिसते, तिला हँगर अडकवायचा मोह होतो, कारण ती अगदी सोयीच्या उंचीवर असते. अजिबात अडकवू नका. आग लागली तर पाणी फवारण्यासाठी ती असते, आणि बहुतेक तोट्यांमध्ये उष्णतेनं फुटणारी काचेची छोटी नळी असते. तिला धक्का लागून ती फुटली तर पाणी थांबवणं तुमच्या हातात नाही. धूर ओळखणाऱ्या यंत्रावर किंवा दिव्यावरही ओला मोजासुद्धा ठेवू नये. इस्त्री आणि वाफेची इस्त्री न्यायला बहुतेक बोटींवर बंदी असते. चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. वाद घालू नका, समुद्रात आगीहून मोठं संकट नाही.

बाल्कनीत कपडे वाळत न घालण्याच्या नियमालाही हेच कारण. "एवढी मोठी बाल्कनी, समोर समुद्राचा वारा, तिथे का नाही वाळत घालत?" हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. २३ मार्च २००६ च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' नावाची बोट केमन बेटांकडून जमैकाला जात होती. तिच्या एका बाल्कनीत आग लागली. कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक बाल्कनीतल्या सामानावर पडून धुमसलं असावं, असं चौकशीत निघालं. बाल्कन्यांमधले प्लॅस्टिकचे आडोसे आणि खुर्च्या पेटत गेल्या, काही मिनिटांत आग वरच्या मजल्यांवर पोचली, आणि एका प्रवाशाचा धुरानं जीव गेला. बाल्कनीत काय सामान असावं याचे आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर कडक झाले. आता कठड्यावर फडफडणारी ओढणी डोळ्यांसमोर आणा, आणि वरच्या मजल्यावरून पडलेली ठिणगी. नियम लिहिणाऱ्यांनी उगाच लिहिलेला नाही.

आणि आग बाजूला ठेवली तरी तिथे कपडे धड वाळतही नाहीत. समुद्राच्या वाऱ्यात मिठाचे कण असतात, ते ओल्या कापडावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी का पाझरते, त्याचं हेच कारण. त्या वाऱ्यावर वाळवलेला नायलॉनचा गाऊन कायम चिकट लागतो. वाऱ्यानं तो उडाला तर समुद्रात जातो, आणि नायलॉन म्हणजे प्लॅस्टिकच. ते समुद्रात टाकायला १९८८ सालच्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पोहायच्या तलावात खारं पाणी असलं, किंवा किनाऱ्यावर समुद्रात उतरलात, तर ते कपडे आल्याबरोबर गोड्या पाण्यात दोनदा विसळा. मीठ राहिलं की केबिनमध्येही ते नीट वाळायचे नाहीत.

कपडा वाळला की नाही हे कसं ओळखायचं? घरी आपण गालाला लावून बघतो, गार लागला तर ओला. एसीत हे चालत नाही, तिथे कोरडं कापडही गारच लागतं. म्हणून मी सगळ्यात जाड जागा मुठीत घट्ट धरते. परकराचा किंवा सलवारीचा नेफा, शर्टाची कॉलर, खिशाचा तळ. थोडा वेळ धरल्यावर कोरडं कापड हाताच्या उबेनं गरम होतं, ओलं गारच राहतं. नेफा वाळला म्हणजे कपडा वाळला, हे मी कपाट लावताना पाळते. बाकी सगळा परकर कडकडीत वाळलेला असतो, पण नेफ्याच्या चार पदरांत ओल राहिलेली असते. तो तसाच घडी करून ठेवला की वास तिथूनच सुरू होतो. वाळत घालतानाच नाडी ओढून काढा आणि नेफा उलटा करून चिमट्यानं ताणून ठेवा.

म्हणजे खरा निर्णय बॅग भरतानाच होतो. सूत धाग्याच्या आत पाणी धरून ठेवतं, पॉलिएस्टर जवळजवळ धरतच नाही. घरी मी सुतीच वापरते आणि आपल्या हवेत तेच बरं, पण लांबच्या बोटीसाठी मिश्र कापड घ्या. परकर सुतीऐवजी सॅटिनचे, ब्लाउज अस्तराशिवाय. साड्या न्यायच्याच असल्या तर जॉर्जेट किंवा क्रेप. साडी लांबीतून चारपदरी घडी करून दोरीवर टाका आणि दोन तासांनी घडी उलटी करा, एका रात्रीत वाळते. जीन्स नेऊ नका. न्यायचीच असेल तर बोटीच्या लाँड्रीला द्या. हातानं धुतलेली जीन्स दोन दिवस खोलीत जागा अडवून बसते.

लाँड्रीला देण्यात कमीपणा नाही, आणि स्वतः धुण्यातही नाही. बऱ्याच बोटींवर एका ठरावीक रकमेत एक पिशवी भरून कपडे धुऊन, घड्या घालून देतात, आणि लांबच्या प्रवासात मध्येच त्याचे भाव उतरतात. केबिन आवरणाऱ्याला विचारून ठेवा. जाड आणि मळके कपडे तेव्हा काढा. काही बोटींवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याच्या यंत्रांची खोली असते. ज्या दिवशी बोट किनाऱ्याला लागत नाही त्या दिवशी सकाळी तिथे रांग लागते. बंदरावर सगळे खाली उतरले की जा, निवांत मिळते. नाजूक आणि आतले कपडे मात्र घरच्यासारखे स्वतःच धुवा.

एकच लक्षात ठेवा. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवाव्या लागतात, त्या बोटीची माणसं घेऊन जातात. तेव्हा शेवटचं धुणं त्याच्याही आदल्या रात्री आटपा. तरीही एखादा मोजा ओला राहिलाच तर तो मोठ्या बॅगेत कोंबू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातातल्या पिशवीत ठेवा, आणि मुक्कामाला पोचल्यावर सगळ्यात आधी तो बाहेर काढा.